बसवणे आणि बसणे

नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिली गोळी झाडण्याआधी एक छोटा विधी असतो. खेळाडू आपले पिस्तूल घेऊन साहित्य-तपासणीच्या टेबलाशी येतो. तिथे चापाला ठरावीक वजन अडकवून पाहतात, पिस्तूल काट्यावर ठेवतात, आणि मग ते एका पेटीत घालून बघतात. २५ मीटरच्या पिस्तुलासाठी या पेटीचे माप ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटर असते, १० मीटरच्या एअर पिस्तुलासाठी ४२० बाय २०० बाय ५०. पिस्तूल, त्याची मूठ आणि खेळाडूने त्यावर हौसेने किंवा गरजेपोटी लावलेले सगळे काही या पेटीत मावले पाहिजे. मावले नाही, तर ते हत्यार कितीही चांगले असो, त्या दिवशी ते खेळत नाही.

मी नेमबाज नाही. खऱ्या पिस्तुलाला मी आजवर हातही लावलेला नाही. या पेटीशी माझी गाठ पडली ती अनुवादाच्या कामातून. दोन वर्षांपूर्वी नेमबाजीच्या साहित्यासंबंधी काही मजकूर मराठीत आणायचे काम माझ्याकडे आले. चाप, नळी, मूठ हे शब्द सहज मिळाले. अडले ते ‘फिटिंग’ या साध्या शब्दाशी. एखादा सुटा भाग विकत घेऊन पिस्तुलाला लावणे आणि तो भाग त्या पिस्तुलाशी एकजीव होईपर्यंत घासणे, या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द होता.

मराठीत ‘बसवणे’ आहे आणि ‘बसणे’ही आहे. गणपती आपण बसवतो. घडी मात्र बसावी लागते. सदरा अंगाला बसतो, जम बसतो, घसा बसतो, धक्काही बसतो. मी बंगळुरात राहते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर बेळगावकडचे एक काका राहतात. एचएमटीच्या घड्याळाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी फिटर म्हणून झाली. माझी अडचण त्यांना सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, “ताई, पार्ट बसवायला कुणालाबी येतंय. तो बसलाय का नाही, ते बोटाला कळावं लागतंय.”

या लेखाचा विषय काकांच्या त्या दोन वाक्यांत आहे. स्पर्धेच्या पिस्तुलात बदल करण्याचा गेल्या शंभरेक वर्षांचा इतिहास मी वाचत गेले, तेव्हा मला तो बहुतांशी या दोन क्रियापदांमधल्या ओढाताणीचाच इतिहास वाटला.

सुरुवात एका लष्करी पिस्तुलापासून करावी लागते. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी रचलेले .४५ कॅलिबरचे पिस्तूल अमेरिकेच्या लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. त्याआधी झालेल्या चाचणीत त्यातून सहा हजार गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडकले नाही, ही हकिकत त्या पिस्तुलाच्या प्रत्येक चरित्रात येते. वर्षाच्या आकड्यावरूनच ते आजही ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी शस्त्रकारखान्यांनी एक आदर्श जोपासला होता: भाग असे बनवायचे की कोणत्याही हत्याराचा कोणताही भाग दुसऱ्या हत्याराला चालावा. रणांगणात दोन मोडक्या पिस्तुलांतून एक चालते पिस्तूल जोडता यावे, आणि त्यासाठी कानस हातात घेणारा कुशल माणूस सोबत असण्याची गरज पडू नये. १९११ हे याच आदर्शाचे अपत्य होते.

या सोयीसाठी किंमत मोजावी लागते. सगळ्यांना बसणारा भाग कोणालाच अगदी नेमका बसत नाही. त्याच्याभोवती थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत, चिखलात आणि धुळीत ही मोकळी जागा वरदान होती. माती आत गेली तरी यंत्र हलत राही. पण लढाई संपल्यावर हेच पिस्तूल घेऊन माणसे ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठावरच्या कॅम्प पेरी इथे जमू लागली. तिथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरत होत्या. एका हाताने, उभ्याने, २५ आणि ५० यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर नेम धरायचा. इथे चिखल नव्हता, शत्रूही नव्हता. इथे तीच मोकळी जागा दोष ठरली.

कारण या पिस्तुलात प्रत्येक गोळीसरशी बरीच हालचाल होते. वरची स्लाइड मागे सरकते, रिकामे काडतूस बाहेर उडते, नवे आत येते. नळी किंचित खाली झुकते आणि परत वर येऊन स्लाइडमध्ये अडकते. नेम धरण्याच्या खुणा स्लाइडवर असतात. नळी दर वेळी त्याच जागी परत आली नाही, तर नेमबाजाने खुणा कितीही स्थिर धरल्या तरी गोळी वेगळीकडे जाते. केसाएवढा फरक हातापाशी, आणि पन्नास यार्डांवर तो मोठा होतो.

म्हणून लष्कराच्या शस्त्रशाळांतले कारागीर आणि त्यांच्यामागोमाग गावोगावचे खासगी कारागीर कामाला लागले. फ्रेमच्या खाचा आवळणे, नळीच्या तोंडाशी मापाबरहुकूम घासलेली कडी बसवणे, चापाची ओढ गुळगुळीत करणे, मागची साइट बदलून हलवता येणारी लावणे. मुद्दाम मोठे ठेवलेले भाग घ्यायचे आणि ते त्या एका पिस्तुलात बसेपर्यंत थोडे थोडे घासत जायचे. थोडे कमी घासले तर बसत नाही, थोडे जास्त घासले तर भाग वाया. कारखान्याने साठ-सत्तर वर्षे खपून ज्या माणसाची गरज संपवली होती, तो कानस घेतलेला माणूस स्पर्धेने परत बोलावून आणला. त्याचे काम कारखान्याच्या अगदी उलट होते. त्याने घासलेला भाग त्या एकाच पिस्तुलाला चालत असे, दुसऱ्या कोणत्याही नाही.

कोल्ट कंपनीलाही हे पाहून स्पर्धेसाठी खास पिस्तूल काढावे लागले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘नॅशनल मॅच’ आले आणि १९५७ मध्ये ‘गोल्ड कप’. तरी कारागिरांचे काम थांबले नाही. लुइझियानाचे जिम क्लार्क स्वतः नेमबाज होते आणि स्वतःच कारागीर. १९५८ मध्ये ते पिस्तूल नेमबाजीचे अमेरिकेचे राष्ट्रीय विजेते झाले. लष्करी संघांचा दबदबा असलेल्या त्या काळात एका खासगी कारागिराने विजेता होणे ही लहान गोष्ट नव्हती. घासणारा हात आणि नेम धरणारा हात एकच असल्याची इतकी स्वच्छ उदाहरणे फार सापडत नाहीत.

पण या यशात एक काटा होता. आवळलेले पिस्तूल लाडावलेल्या मुलासारखे वागे. त्याला माती चालत नसे, तेल नीट लागे, ठरावीक काडतुसेच रुचत. जे मूळ पिस्तूल सहा हजार गोळ्या विनातक्रार झाडत होते, त्याची ही सुधारलेली आवृत्ती जरा काही झाले की अडकायची. अचूकपणा आणि भरवसा एकमेकांच्या जागेत राहतात, एकाला जागा दिली की दुसऱ्याला सरकावे लागते, हे या कारागिरांना रोजच्या कामातून कळत होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा हिशेब पुन्हा बदलला. कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकात जेफ कूपर आणि त्यांच्या सोबत्यांनी वेगळ्या प्रकारच्या स्पर्धा सुरू केल्या. एका जागी उभे राहून कागदावर नेम धरणे पुरेसे नाही. पिस्तूल म्यानातून काढायचे, हलायचे, वेळेत नेम साधायचा. १९७६ मध्ये मिझुरी राज्यातल्या कोलंबिया इथे अशा ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. संघटनेचे ब्रीद लॅटिनमधले तीन शब्द आहेत: दिलिजेंशिया, विस, चेलेरितास. त्यांचा अर्थ अचूकता, जोर आणि वेग असा सांगितला जातो. माझ्यातली अनुवादक इथे थबकली. कोशात ‘दिलिजेंशिया’ म्हणजे काळजी, निगुती, लक्ष घालून केलेले काम. अचूकता हा तिचा परिणाम झाला. ज्याने हा शब्द निवडला त्याच्या मनात काय होते हे मी कशाला ठरवू. पण निगुतीने केले की अचूकता येते, एवढी समजूत त्या शब्दात आहे खरी.

या नव्या खेळाने सुट्या भागांचा एक बाजारच उभा केला. कॅलिफोर्नियाचे आर्मंड स्वेन्सन यांनी दोन्ही बाजूंनी चालवता येणारा सुरक्षेचा खटका रूढ केला. मूळ पिस्तुलात तो फक्त डाव्या बाजूला, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी होता. कारखान्याच्या ‘सर्वांसाठी’ या शब्दात डावखुरे बसत नव्हते, हे त्या एका खटक्याने दाखवून दिले. १९७७ मध्ये आर्कान्सॉमधल्या बेरीव्हिल या लहान गावी बिल विल्सन यांनी पिस्तुलांचे काम सुरू केले, ते घरच्या दागिने-घड्याळांच्या दुकानाच्या मागच्या भागात. ते मूळचे घड्याळजी. हे वाचल्यावर मी खाली जाऊन काकांना सांगितले. त्यांना जरासुद्धा नवल वाटले नाही. “मग? हात तोच की,” म्हणाले.

विल्सन आणि त्यांच्यासारख्यांनी पुढे कारागिराचे ज्ञान भागांतच भरून विकायला सुरुवात केली. ज्याला दूरच्या कारागिराकडे पिस्तूल पाठवून महिनोन्‌महिने थांबणे परवडत नाही, त्याने भाग मागवावा आणि घरी बसवावा. १९८०च्या दशकात नळीच्या टोकाशी कॉम्पेन्सेटर आला. गोळीमागचा वायू वरच्या भोकांतून बाहेर फेकून तो पिस्तुलाचे तोंड खाली दाबून धरतो, म्हणजे दुसरा नेम लवकर साधतो. १९९० मध्ये डग केनिग यांनी लाल ठिपक्याची प्रकाशीय साइट लावून बियांकी कपमध्ये १९२० पैकी १९२० गुण मिळवले आणि त्याच वर्षी ॲडलेडला प्रॅक्टिकल नेमबाजीचे जगज्जेतेपदही जिंकले. दोन खुणा एका रेषेत आणण्याची जी कला नेमबाज वर्षानुवर्षे घोटत, तिची जागा एका ठिपक्याने घेतली.

शस्त्रस्पर्धा हा शब्द आपण राष्ट्रांच्या संदर्भात अलंकारिक अर्थानेही वापरतो. इथे तो शब्दशः खरा होता. आणि प्रश्नही खरा होता. जिंकतो कोण, माणूस की त्याचा खिसा? संघटनेने यावर काढलेला तोडगा मला व्यवहारी वाटतो. तिने स्पर्धेचे विभाग पाडले. ‘ओपन’मध्ये जवळजवळ काहीही लावा. ‘स्टँडर्ड’मध्ये पिस्तूल ठरावीक पेटीत मावले पाहिजे, आणि ठिपका नाही, कॉम्पेन्सेटर नाही. ‘प्रॉडक्शन’मध्ये कारखान्यातून आले तसेच, अगदी थोडे बदल सोडून. म्हणजे बसवणाऱ्यांनी बसवणाऱ्यांशी लढावे.

ऑलिंपिकच्या जगात हाच वाद मुठीभोवती घडला. कारोली ताकाच हे हंगेरीच्या सैन्यातले नेमबाज. १९३८ मध्ये सरावात हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात, म्हणजे नेमबाजीचा हात, गेला. त्यांनी डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९४८ला लंडनमध्ये, १९५२ला हेलसिंकीत रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. त्यांची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मी मात्र ती वाचताना लाकडी मुठीचा विचार करत राहिले. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ हाताच्या आकारावर कोरलेली असते. तळव्याचा उंचवटा, बोटांच्या खाचा, अंगठ्याची टेकण. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात धरून पाहिली तर ती जणू परक्याचा जोडा घातल्यासारखी होते. हात बदलला की शिकलेल्या सगळ्याला आरशातून परत आणावे लागते.

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाजांच्या हातात एक विचित्र पिस्तूल दिसले. त्याची रचना उलटी होती. नळी हाताच्या जवळजवळ रेषेत, खाली आणलेली होती. धक्का वर न उचलता सरळ मागे येई आणि पुढचा नेम लवकर बसे. त्यानंतर अशा पिस्तुलाला स्पर्धेबाहेर ठेवणारे नियम आले. त्यात कुणी लबाडी केली होती असे नाही. तोवर कुणी ‘असे करू नका’ म्हटलेलेच नव्हते. नियम बहुधा असेच, कुणीतरी पुढे गेल्यावर, त्याच्या मागे धावत येतात. लेखाच्या सुरुवातीची ती पेटी अशाच धावण्याची खूण आहे.

पेटी पुढे पुढे अधिक कडक होत गेली. रॅपिड फायरसाठी बनवलेली .२२ शॉर्ट काडतुसांची, हलक्या चापाची, हाताला वेढणाऱ्या मुठीची खास पिस्तुले २००५ पासूनच्या नियमांनी निवृत्त झाली. चापाला किमान एक किलोची ओढ सक्तीची झाली. सगळ्यांत मोकळीक होती ती ५० मीटरच्या ‘फ्री पिस्तूल’ प्रकारात. चापाच्या वजनाला मर्यादा नाही, मूठ हाताभोवती मोज्यासारखी. माणूस आणि हत्यार यांच्यातली फट जितकी मिटवता येईल तितकी मिटवायला तिथे परवानगी होती. रिओ २०१६ नंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला. स्त्री-पुरुषांना समान संधी देणाऱ्या मिश्र सांघिक स्पर्धांसाठी जागा करायची होती. कारण योग्य होते, आणि तरी एक कला ओसरीवर आली, असे दोन्ही मला वाटते.

आपल्याकडे कानशीची ही परंपरा फारशी रुजली नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुका-पिस्तुले बनवणे, त्यांत फेरबदल करणे, त्यांची दुरुस्ती करणे यासाठी परवाना लागतो. तो लागावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हत्यार हे हत्यारच असते, आणि त्याच्या सुट्या भागांचा खुला बाजार म्हणजे काय हे अमेरिकेतल्या बातम्या आपल्याला सांगतातच. पण त्यामुळे आपला नेमबाज बाहेरून आलेले हत्यार आहे तसे हातात घेतो. त्याच्या वाट्याला बसवण्याचे काम येते ते मुख्यतः मुठीचे: लाकूड घासणे, लांबी भरणे, पुन्हा घासणे.

कोल्हापूर हे ओतकामाच्या भट्ट्यांचे, यंत्रशाळांचे शहर. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉन इथे विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले, पिस्तूल प्रकारात असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१८ला आशियाई स्पर्धेतही त्यांनी सुवर्ण मिळवले. या शहरात सूक्ष्म मापाने धातू घासणारी माणसे गल्लोगल्ली आहेत आणि जागतिक दर्जाचे नेमबाजही आहेत. पण त्या दोघांची गाठ त्या कामासाठी पडत नाही. ही खंत म्हणून मी लिहीत नाही. दोन कौशल्ये एकाच गावात राहूनही एकमेकांना अनोळखी राहू शकतात, एवढेच.

आणि लहानशा भागाने काय होते हे टोकियोत सगळ्यांनी पाहिले. २०२१ मध्ये मनू भाकर यांच्या एअर पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर पात्रता फेरीच्या मध्येच मोडला. दुरुस्तीत वेळ गेला, त्या बाराव्या आल्या आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्यांनी दोन कांस्यपदके मिळवली. मधल्या काळात त्यांच्यावर जी टीका झाली ती आठवली की वाटते, आपण नेमबाजाला पाहतो तेव्हा यंत्र विसरतो, आणि यंत्राकडे पाहतो तेव्हा माणूस.

आता माझ्या टेबलाकडे येते. अलीकडे माझ्याकडे येणारे बरेच काम यंत्राने आधीच मराठीत आणलेले असते. ‘फक्त बसवून द्या,’ असे सांगितले जाते. वाक्ये चुकीची नसतात. ती कारखान्यातल्या सुट्या भागांसारखी असतात, कोणत्याही मजकुरात बसतील अशी. त्यांच्याभोवती थोडी मोकळी जागा असते, म्हणून ती अडकत नाहीत. मानधन अर्थातच बसवण्याचे मिळते, घासण्याचे नाही. सुरुवातीला मला याचा राग येई. या इतिहासाने तो थोडा शहाणा केला. सैल भागांनी माणसांना चिखलातून तारले आहे. सूचना-पत्रके, औषधांच्या चिठ्ठ्या, अर्ज यांना तसलीच मराठी हवी असेल, अडकणार नाही अशी. माझ्या तरुणपणीच्या काही अनुवादांत मी मूळ लेखकाशी इतकी घट्ट बांधून घेतली होती, की ते वाक्य मराठी तोंडात अडकायचे. अचूक होते, पण चालत नव्हते.

पण ५० यार्डांवरचे लक्ष्य समोर असेल तेव्हा कुणीतरी कानस हातात घ्यावीच लागते. किती घासायचे, हे मोजून सांगता येत नाही, आणि म्हणूनच त्याची किंमत ठरवायला कुणाला सोपे जात नाही. विल्सन यांचा कारखाना आज मोठा आहे, त्यांचे भाग संगणकावर चालणारी यंत्रे कापतात. तिथेही शेवटचा हात माणसाचाच असतो.

त्या मजकुरात मी शेवटी ‘फिटिंग’साठी दोन वेगळे शब्द वापरले: भाग लावणे आणि भाग बसवून घेणे. तपासणाऱ्याने कडेला लिहिले, मूळात एकच शब्द आहे, एकसारखेपणा राखावा. मी तो कागद घेऊन खाली गेले. काका उन्हात बसून एका जुन्या मनगटी घड्याळाचे मागचे झाकण लावत होते. त्यांनी ते अंगठ्याने दाबले, कानाशी नेले, परत उघडले.

“लागलं होतं की,” मी म्हटले.

“लागलंय,” ते म्हणाले, “बसलं नाही अजून.”

मी वर आले आणि दोन्ही शब्द तसेच ठेवले.